कुंभवलीच्या बाहुलीचं लग्न

कुंभवली, बोईसर
३ फेब्रुवारी १९६६

ती. सौ. वन्संना पुष्पाचा शिरसाष्टांग नमस्कार.

सगळं क्षेम आहे असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. आता खरं लिहिते. सुलूची बाहुली हरवली. तुम्ही शिवलेली, हिरव्या परकराची, जिला कुशीत घेतल्याशिवाय ती झोपत नव्हती, तीच. संक्रांतीनंतर हे तिला कराडहून घेऊन आले, तेव्हा बोईसरला वळकटी उतरली, ट्रंक उतरली, तुमच्या चटणीची बरणीसुद्धा उतरली आणि बाहुली बाकावर राहिली. गाडी वाणगावकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी यांनी वाणगावला जाऊन विचारलं, मग डहाणूलाही गेले. तिथला एक हमाल म्हणाला, छत्र्या सापडतात, बाहुल्या नाही सापडत.

तुम्हाला इतके दिवस कळवलं नाही, कारण वाटलं, बाजारची एक आणली की विसरेल. यांनी पालघरहून मोठ्या हौसेने डोळे मिटणारी बाहुली आणली. सुलूने तिला एकदा आडवी केली, एकदा उभी केली आणि माझ्या हातात परत दिली. म्हणाली, "ही पाहुणी आहे."

वन्सं, तिची आई गेल्यापासून दोन वर्षं तुम्ही तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलंत. माझ्या लग्नाला वर्ष होत आलं, पण सुलूच्या लेखी मी आले ती आत्ताच. आपलं ठरलंय ते माझ्या ध्यानात आहे. इथे रुळली तर ठीक, नाही तर वैशाखात तुम्ही येऊन तिला परत नेणार आणि ती तिकडच्याच शाळेत जाणार. मला ती इथे हवी आहे. पण ती मला हाकच मारत नाही. आई नाही, काकू नाही. मी यांना 'अहो' म्हणते ते ऐकून तीही मला 'अहो' म्हणते. घरात आता दोन अहो झालेत आणि हाक आली की दोघंही 'ओ' देतो.

तर तशी बाहुली कशी शिवायची ते नीट लिहून कळवा. तुम्ही म्हणाल, मीच शिवून पाठवते. तसं करू नका, मला एकदा करून बघू द्या. माझं शिवणकाम तुम्हाला माहीत आहे. रुखवतातल्या माझ्या पोपटाला तुमच्याकडच्या बायका वांगं म्हणाल्या होत्या, ते मी विसरलेले नाही.

भावजींना नमस्कार.

तुमची
पुष्पा


कराड
९ फेब्रुवारी १९६६

चि. सौ. पुष्पा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोनदा हसले आणि एकदा रडले, क्रम सांगत नाही. पोपटाला वांगं मी म्हटलं नव्हतं. मी दोडका म्हटलं होतं.

आता शिकून घे. कापड जुनं हवं, नवं अंगाला टोचतं. बळवंताचा जुना सदरा घे, पण त्याच्या अंगातून उतरल्यावर. कापड दुहेरी दुमडून कोळशाने आकृती काढ. डोकं एक, हात दोन, पाय दोन. हे मुद्दाम लिहिते आहे, तुझा भरवसा नाही. कडेने उलट्या बाजूने बारीक टीप घालायची आणि मग पिशवीसारखं उलटवायचं, म्हणजे शिवण आत जाते. आत चिंध्या, कापूस, कोंडा, घरात असेल ते दाबून भरावं. गळ्याशी दोरा आवळावा, फाशी देऊ नये. डोळे काळ्या दोऱ्याचे. नाकाच्या भानगडीत पडू नकोस.

सुलूला सुई देऊ नकोस हो. टोचून घेईल. मी तिला झोपवल्यावर शिवायला बसत असे. सकाळी उठली की उशाशी बाहुली तयार.

इथल्या शाळेत तिचं नाव घालून ठेवलं आहे. घाई नाही, पण जागा भरतात. संध्याकाळी मी अजून तीन पाट मांडते. आमच्या घरचे म्हणतात, राहू दे, कोणी आलं तर बसेल. कोणी येत नाही.

झालेली बाहुली कशी दिसते ते खरं खरं कळव. बाहुलीसारखी दिसली नाही तर तसंही कळव.

नर्मदा


कुंभवली
२२ फेब्रुवारी १९६६

ती. सौ. वन्संना सा. नमस्कार.

बाहुली झाली. कशी झाली ते ऐका, आणि ऐकताना लक्षात ठेवा की निम्मा दोष तुमच्या पत्राचा आहे.

यांचा सदरा फाडला, कोळशाने सुलूनेच आकृती काढली. मी दुपारभर खपून टीप घातली. डोक्यापासून निघाले, हातावरून, पायावरून फिरून पुन्हा डोक्याशी आले आणि गाठ मारली. मग उलटवायला घेते तर उलटवू कुठून? सगळीकडून बंद! तुम्ही कुठे लिहिलंत की एक तोंड मोकळं ठेव म्हणून? सुलू इतका वेळ गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत होती. म्हणाली, "अहो, आता कापूस काय नाकातून घालणार?" आणि हसली. वन्सं, इथे आल्यापासून पहिल्यांदा ती हसली. मलाही हसू आलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतला चौकीदार दाराशी येऊन विचारून गेला, "क्या हुआ, बहनजी?"

मग तिने शिवण उसवली आणि मी पुन्हा घातली. माझी दोऱ्याची गाठ कापडातून आरपार निघून यायची. सुलू म्हणाली, "आत्या असं नाही करत," आणि बोटाला थुंकी लावून दोरा गुंडाळून दाखवला. तुमच्याकडे झोपेचं सोंग घेऊन ती सगळं बघत होती, हे तुम्हाला ठाऊक आहे का? तेव्हापासून गाठी मारायचं खातं तिच्याकडे आहे. हो, मी तिला सुई दिली. तिला टोचली. मलाही टोचली.

आत भरायला कोंडा घेतला. इथे लाडकी म्हणून एक वारली बाई आहे, ती मला लाकडाची मोळी आणून देते आणि दोन घागरी पाणीही भरते. तिच्या घरात उंदीर फार, म्हणून तिने एक गाठोडं माझ्या माळ्यावर ठेवलंय. त्यातली टरफलं ओंजळभर घेतली. बाहुली जरा जड झाली. सुलू म्हणते, जेवलेली आहे. एक हात लांब आहे आणि एक आखूड. नाव साखरबाई, कारण त्या दिवशी रेशनची साखर मिळाली होती. तुम्ही सुलूला घालायचात तसं सुलू तिला रोज डाळीचं पीठ लावून न्हाऊ घालते आणि कुशीत घेऊन झोपते.

मला अजून 'अहो'च म्हणते.

पुष्पा


कराड
२ मार्च १९६६

सौभाग्यवती पुष्पलताबाई, मु. कुंभवली, यांसी कराडच्या नर्मदाबाईंचा नमस्कार.

दचकू नका. हे पत्र नणंदेचं नाही, वरमाईचं आहे. आपली कन्या चि. साखरबाई उपवर झाल्याचं आपल्याच पत्रातून कळलं. आमच्याकडे स्थळ आहे. मुलगा कालच शिवून झाला. वर्णाने गोरा, फेटा बांधतो, पोटात चांगला पिंजलेला कापूस आहे. नोकरी नाही, पण तोंडही उघडत नाही, तेव्हा घरात त्रास नाही. आपल्या मुलीचा एक हात आखूड असल्याचं आपण लपवलं नाहीत, हे आम्हाला आवडलं. लांब हाताने वाढायचं आणि आखूड हाताने घ्यायचं असं तिला शिकवा, म्हणजे सासरी टिकेल.

हुंडा नको. मानपान मात्र रीतीप्रमाणे. वरमाईला पानावर तारापूरचं पापलेट हवं, तेही आख्खं. मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा. मी आणि आमच्या घरचे वऱ्हाड म्हणून येऊ. लग्नानंतर सून अर्थातच कराडला येईल आणि तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून चि. सुलू येईल. मग शाळा सुरू व्हायला कितीसे दिवस उरतात?

कळावे, लोभ असावा, आणि झाला असेल तर लपवू नये.

नर्मदाबाई, वरमाई


कुंभवली
२१ मार्च १९६६

वरमाईसाहेबांना वधूपक्षाचा नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण मुलीची तब्येत बिघडली होती. तिला केस उगवले. हिरवे.

मी थट्टा करत नाही. सुलू सकाळी साखरबाईला उचलायला गेली तर मानेच्या शिवणीतून कोवळे कोंब बाहेर आलेले. काखेतूनही. सुलूने जो हंबरडा फोडला तो ऐकून मी चुलीवरचं तसंच टाकून धावले. लाडकी मोळी टाकत होती, तिने बाहुली हातात घेऊन वास घेतला आणि कपाळावर हात मारला. "बाय, तूस नाय ह्यो! बियाचा भात हाय माझा! टरफल दिसला नि कोंडा समजली काय?" मी ज्वारीच्या मुलखातली, वन्सं. भात मी ताटात पाहिलेला. टरफलासकट ठेवलेलं बियाणं मला कसं कळावं? आणि पोरीने रोज न्हाऊ घालून त्याला पाणी दिलं! लाडकी आधी रागावली आणि मग हसत खालीच बसली. म्हणाली, "हिला आता शेतात लावा, पोर नाय ऱ्हायली ही."

सुलू मात्र रडत होती. तिला वाटलं, आपल्या हातून बाहुली मेली. मी तिला मांडीवर घेतलं. तिने घेऊ दिलं. मग आम्ही दोघींनी साखरबाईचं पोट उसवलं आणि कोंब काढून लाडकीच्या ओच्यात घातले. तिने सावरीचा कापूस आणून दिला. त्याच्या म्हाताऱ्या घरभर उडाल्या, यांच्या चहातसुद्धा पडल्या. नवरी आता हलकी आहे आणि दोन्ही हात सारखे आखूड झाले आहेत.

तर स्थळाविषयी. तुमचं पत्र मी सुलूला वाचून दाखवलं, तेव्हा लाडकी उंबऱ्यात बसली होती. तिने विचारलं, देज किती देणार? मी म्हटलं, देज म्हणजे? तर म्हणाली, "पोरगी मागतात नि देज देत नाय? आमच्यात पोऱ्याच्या घरचे देतात. देज द्यायला नाय जमला, तर पोऱ्या सासऱ्याकडं येऊन राबतो. तुमच्यात पोरगी पन द्यायची, वर मान पन द्यायचा, नि मासा पन? लय शाणी मानसं तुमी!"

तेव्हा विहीणबाई, मुलगी कुंभवलीची आहे आणि लग्न कुंभवलीच्या रीतीने होईल. देज आणा, नाही तर मुलगा इथे ठेवा. लाकडं फोडायला माणूस हवाच आहे. लग्नही भटजी लावणार नाहीत, इथल्या वारल्यांत ते बाई लावते, तिला धवलेरी म्हणतात. लाडकी धवलेरी आहे.

एवढं हसून झालं. आता एक न हसता लिहिते. 'पाठराखीण' हा शब्द मी तीनदा वाचला. थट्टा आहे की खरंच, ते मला ठरवता येईना. सुलूने विचारलं, पाठराखीण म्हणजे काय? मी सांगितलं. ती साखरबाईला कुशीत घेऊन आत गेली.

पुष्पा


कराड
२ एप्रिल १९६६

चि. सौ. पुष्पा हिस आशीर्वाद.

ज्वारीच्या कणसाला कधी बाहुली फुटली नाही आमच्याकडे! हे पत्र आमच्या घरच्यांनी सगळ्या आळीला वाचून दाखवलं आहे. तू आता कराडात प्रसिद्ध आहेस.

थट्टा निम्मी आहे. उरलेली निम्मी मलाच नीट कळत नाही. मला सुलू हवी आहे, पुष्पा. तुला हे सरळ सांगितलेलं बरं. पण मी तिला ओढून नेणार नाही. तिला विचारेन आणि ती म्हणेल तसं करेन, एवढा शब्द देते.

तृतीयेच्या आदल्या दिवशी येतो. बाईने लग्न लावलेलं आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलं नाही. मी ते होऊ देणार नाही. पापलेट मात्र आणून ठेव.

नर्मदा


कराड
१ मे १९६६

चि. सौ. पुष्पा हिस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. लग्नाचं मी काय लिहू, तुझ्यासमोरच झालं. होऊ देणार नाही म्हणाले होते. लाडकीने भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो चौक काढला आणि गायला लागली, तेव्हा सगळ्यात आधी अक्षता माझ्याच हातून पडल्या. आमच्या घरचे अजून ती चाल गुणगुणतात, शब्द येत नाहीत तरी. पापलेट उत्तम होतं. काट्यासकट माझा मान ठेवलास.

आता तुला माहीत नाही ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी तू विहिरीवर गेलीस. पाणी भरायला लाडकी असताना दोन घागरींना तू एवढा वेळ लावलास, तो कशासाठी, हे मी समजले. तू मला सुलूपाशी एकटी सोडलीस. तुझ्या जागी मी असते तर उंबरा सोडला नसता.

मी तिची ट्रंक उघडून फ्रॉकच्या घड्या घालायला लागले. ती नवऱ्या मुलाच्या फेट्याला टाके घालत बसली होती, कारण बाहुला इथे राबायला राहणार तर फेटा पडायला नको, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, सुले, येतेस ना कराडला? मी तुला दहा बाहुल्या शिवून देईन. ती वर न बघता म्हणाली, "आत्या, तू छानच शिवतेस. पण तू मला सुई देत नाहीस."

म्हटलं, टोचते गं बाळा. तर म्हणाली, "टोचते. मग अहो फुंकर घालतात. त्यांना टोचली की मी घालते." आणि थोड्या वेळाने, मला समजावून सांगावं तशी, "त्यांना गाठ मारता येत नाही, आत्या. मी गेले तर कोण मारणार?"

मी घड्या घातलेले फ्रॉक पुन्हा खुंटीवर टांगले. तेवढ्यात तू घागर घेऊन दारात आलीस आणि ती ओरडली, "अगं, ओला पाय नको ठेवूस, फेटा आहे इथे!" तुझी घागर सांडता सांडता राहिली, मी बघितलं. आपण 'अगं' म्हटलं, हे तिच्या मात्र लक्षात आलं नाही. तू तिला आठवण करून देऊ नकोस.

तुला वाटलं असेल, वन्सं न बोलता निघून गेल्या, रागावल्या असतील. रागावले नव्हते. बोलले असते तर रडले असते, आणि वरमाईने वधूच्या दारात रडायचं नसतं. विरार मागे पडलं तरी मी तोंड उघडलं नाही, आणि मी गप्प म्हणजे काय ते आमच्या घरच्यांना ठाऊक आहे. त्यांनी न विचारता दोनदा चहा घेऊन दिला.

आईवेगळी पोर, म्हणून मी तिला काही करू दिलं नाही. सगळं हातात आयतं दिलं. तू तिच्यापुढे अडाण्यासारखी बसलीस आणि तिला तुझी काळजी लागली. मला वाईट वाटलं, पुष्पा. खूप वाटलं. पण त्यात तुझ्यावरचा राग तिळाएवढाही नाही, हे देवाशपथ खरं.

शाळेतून तिचं नाव काढून आले. तिचे लोकरीचे कपडे आणि पाटी पाठवते आहे.

एक मागणं आहे. देज म्हणून नव्हे, मला हवं म्हणून. आयुष्यभर मी बाहुल्या शिवल्या, दुसऱ्यांच्या पोरींना दिल्या. मला कोणी कधी शिवून दिली नाही. तुम्ही दोघी मिळून एक पाठवाल का? वाकडी चालेल.

नर्मदा


कुंभवली
२४ मे १९६६

ती. सौ. वन्संना सा. नमस्कार.

तुमचं पत्र मी विहिरीवर नेऊन वाचलं. किती वेळ लावला ते लाडकीला विचारा, तिने मला दोनदा हाका मारल्या.

सोबत बाहुली पाठवते आहे. आकृती सुलूने काढली, टिपा माझ्या आहेत म्हणून तशा आहेत, गाठी सगळ्या तिच्या आहेत, त्या सुटणार नाहीत. आत सावरीचा कापूस आहे, भात नाही, लाडकीला दाखवून घेतलं. नाकाच्या भानगडीत मी पडले. तुम्ही त्याला काय म्हणाल ते कळवू नका.

बाहुलीला एकच हात आहे. पार्सल उघडून तुम्ही म्हणाल, पुष्पा दोनपर्यंत मोजायला विसरली. विसरले नाही. दुसरा हात शिवून, भरून तयार आहे. मी लावायला घेतला तर सुलूने माझ्या हातातून काढून घेतला आणि डब्यात ठेवून दिला. म्हणाली, "सगळं आपणच केलं तर आत्याला काय उरलं? ती आली की तिला सुई देऊ."

कधी येता?

तुमची
पुष्पा